साखऱ्याच्या मुलीनं बीबीए कुठं करावं?

केंद्र सरकारनं २०२० साली दहा हजार शेतकरी उत्पादक कंपन्या उभ्या करायची योजना आणली. कंपनीचा मुख्य कार्यकारी अधिकारी कोण असावा, हे त्या योजनेच्या मार्गदर्शक सूचनांत लिहून ठेवलं आहे: कृषी पदवीधर, कृषी पणन किंवा कृषी व्यवसाय व्यवस्थापन शिकलेला, नाहीतर बीबीए, म्हणजे व्यवसाय व्यवस्थापनाची पदवी, किंवा त्या तोडीची पदवी असलेला. त्याच्या पगारासाठी महिन्याला जास्तीत जास्त २५,००० रुपये धरले आहेत. सरकारची मदत तीन वर्षांची, सगळा खर्च मिळून एका कंपनीला १८ लाखांपर्यंत. चौथ्या वर्षापासून त्याचा पगार कंपनीनं आपल्या धंद्यातून काढायचा.

सेनगाव तालुक्यातल्या साखऱ्यासारख्या गावाच्या दृष्टीनं ही तरतूद फार मोलाची आहे. हिंगोली जिल्हा १ मे १९९९ रोजी परभणीतून वेगळा झाला. इथला सगळा व्यवहार शेतमालाभोवती फिरतो: खरिपात सोयाबीन आणि तूर, रब्बीत हरभरा, पाण्याची सोय असेल तिथं हळद. हिंगोली आणि वसमतच्या बाजारात हळद लांबलांबून येते; वसमतच्या हळदीला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकनही मिळालं. माल आहे, बाजार आहे. वानवा आहे ती हिशेब समजणाऱ्या, भावाची चाल ओळखणाऱ्या आणि बँकेत जाऊन न घाबरता बोलणाऱ्या माणसांची. बारावीनंतर बीबीएला निघालेली गावातली मुलगी नेमकं हेच शिकायला निघालेली असते, निदान कागदावर तरी.

पण बीबीए झालेल्या माणसाला नेमकं काय येतं? पदवीचं नाव सगळीकडे एकच. एका कॉलेजातून बाहेर पडलेली मुलगी ताळेबंद वाचते, खेळतं भांडवल किती लागेल ते मांडून दाखवते. दुसरीला ‘नियोजनाचे महत्त्व’ या प्रश्नाचे दहा मुद्दे तोंडपाठ असतात, पण जीएसटीचं बिल हातात दिलं तर ते कुठून वाचायला सुरुवात करावी हे सुचत नाही. दोघींच्या गुणपत्रिका शेजारी शेजारी ठेवल्या तर हा फरक दिसणार नाही. कदाचित दुसरीचेच गुण जास्त असतील. घरच्यांनी तीन वर्षांची फी, खोलीचं भाडं आणि मेसचे पैसे भरण्याआधी हा फरक ओळखावा कसा, हा खरा प्रश्न आहे, आणि माझ्या मते त्याचं उत्तर कॉलेजच्या जाहिरातीत सापडत नाही.

बारावीच्या निकालानंतर चौकाचौकांत जे फ्लेक्स लागतात, त्यांवर ‘मान्यताप्राप्त’ हा शब्द सगळ्यात ठळक असतो. त्याचा अर्थ आधी नीट पाहू. एआयसीटीई ही तंत्रशिक्षणावर देखरेख ठेवणारी केंद्रीय परिषद, १९८७ च्या कायद्यानं तिला अधिकार मिळाले. एमबीए तिच्या कक्षेत आधीपासून होतं. बीबीए, बीसीए, बीएमएस हे पदवी अभ्यासक्रम २०२४-२५ या शैक्षणिक वर्षापासून तिच्याकडे आले. महाराष्ट्रात त्यामुळे या अभ्यासक्रमांना सीईटी ही सामाईक प्रवेश परीक्षा लागू झाली आणि २९ मे २०२४ रोजी पहिली परीक्षा झाली. राज्यातल्या एकूण जागा एक लाखाच्या वर आणि परीक्षा देणारे त्यांच्या निम्म्याहूनही कमी, असा प्रकार झाल्यानं त्याच वर्षी ऑगस्टमध्ये दुसऱ्यांदा सीईटी घ्यावी लागली. काही महाविद्यालयांनी तर अभ्यासक्रमाचं नावच बदललं, म्हणजे परिषदेची मान्यता नको आणि सीईटीही नको. त्यामुळे आज दोन कॉलेजांत जवळजवळ सारखाच विषय शिकवला जात असताना एक बीबीए परिषदेच्या मान्यतेचं आणि दुसरं वाणिज्य पदवीच्या नव्या नावाखालचं असू शकतं.

मान्यता हवीच. पण मान्यता म्हणजे किमान अट. इमारत आहे, वर्गखोल्या आहेत, ग्रंथालय आहे, मंजूर पदं आहेत, एवढंच ती सांगते. त्या पदांवर माणसं आहेत का, आणि असली तर ती वर्गात काय करतात, हे ती सांगत नाही. गाडीचं आरसी बुक पाहून चालक कसा आहे हे कळत नाही, तसंच हे.

त्यापुढची पायरी नॅकच्या मूल्यांकनाची. ही संस्था १९९४ मध्ये विद्यापीठ अनुदान आयोगानं (यूजीसी) बंगळुरूला स्थापन केली. ती महाविद्यालयाला चारपैकी गुण देते; ३.५१ च्या वर गेलं की ए प्लस प्लस, ३.०१ ते ३.२५ ला ए, २.०१ ते २.५० ला बी, आणि १.५० च्या खाली मूल्यांकनच नाकारलं जातं. हे गुण सात निकषांवर बेतलेले असतात: अभ्यासक्रम, अध्यापन, संशोधन, पायाभूत सुविधा, विद्यार्थ्यांना मिळणारा आधार, कारभार आणि संस्थेची मूल्यं. यातून बरंच काही कळतं. तरी दोन गोष्टी लक्षात ठेवाव्यात. पहिली अशी की हा दर्जा संपूर्ण महाविद्यालयाचा असतो. रसायनशास्त्र विभागाचं संशोधन आणि एनएसएसचं काम यांच्या जोरावर ए मिळालेल्या कॉलेजातला बीबीए विभाग दोन तात्पुरत्या प्राध्यापकांवर चाललेला असू शकतो. दुसरी गोष्ट अशी की समिती येणार म्हटल्यावर भिंती रंगतात, फायली भरतात, आणि मूल्यांकन ठरावीक वर्षांसाठी वैध राहतं. त्या काळात प्राध्यापक बदलून जातात. फेब्रुवारी २०२५ मध्ये आंध्र प्रदेशातल्या एका संस्थेला चांगला दर्जा देण्यासाठी लाच घेतल्याच्या आरोपावरून सीबीआयनं तपासणी समितीतल्या सदस्यांना अटक केली, हेही सगळ्यांनी वाचलं आहे. म्हणून नॅक निरुपयोगी आहे असं मी म्हणणार नाही. कॉलेजच्या वेबसाइटवर नॅकसाठी दिलेला स्वयंमूल्यांकन अहवाल, ज्याला एसएसआर म्हणतात, तो असतो. अक्षरापेक्षा तो अहवाल जास्त बोलका असतो. पूर्णवेळ शिक्षक किती, किती विद्यार्थी तिसऱ्या वर्षापर्यंत पोचले, किती पुढं शिकायला गेले, हे त्यात आकड्यांनी लिहिलेलं असतं.

एनबीए ही मूल्यांकन करणारी दुसरी संस्था, तीसुद्धा १९९४ चीच, पण ती संस्थेला न जोखता एकेका अभ्यासक्रमाला जोखते, आणि ‘हा अभ्यासक्रम पूर्ण केल्यावर विद्यार्थ्याला काय करता आलं पाहिजे’ तिथून सुरुवात करते. विचार करायची ही पद्धत मला जास्त पटते. २०१६ पासून निघणारी शिक्षणसंस्थांची एनआयआरएफ क्रमवारीही आपल्याकडे चवीनं चघळली जाते. तिच्या व्यवस्थापन गटात अध्यापनाला ३० टक्के, संशोधनाला ३० टक्के, पदवीधरांच्या वाटचालीला २० टक्के आणि सर्वसमावेशकता व लौकिक यांना प्रत्येकी १० टक्के वजन आहे. मोठ्या राष्ट्रीय संस्थांची तुलना करायला ती ठीक. जिल्ह्याच्या ठिकाणचं बीबीए निवडायला तिचा उपयोग जवळजवळ नाही, कारण प्राध्यापकाचे शोधनिबंध किती, यानं पहिल्या वर्षाच्या मुलीला खतावणी समजायला मदत होत नाही.

संशोधनाला एवढं वजन का, त्यामागं मोठा इतिहास आहे. अमेरिकेत व्हार्टन स्कूल १८८१ चं, हार्वर्ड बिझनेस स्कूल १९०८ चं. आपल्याकडे मुंबईचं सिडनहॅम कॉलेज १९१३ चं. अमेरिकेत व्यवसाय शिक्षण भराभर पसरलं आणि १९५९ मध्ये फोर्ड फाउंडेशन आणि कार्नेगी कॉर्पोरेशन या दोन संस्थांनी करवून घेतलेले दोन मोठे अहवाल आले. दोन्हींचा सूर एकच होता: इथं शिकवणं उथळ आहे, प्राध्यापकांची तयारी कच्ची आहे, विद्यार्थीही त्या मानानं कमकुवत येतात. मग गणित, अर्थशास्त्र, मानसशास्त्र आणि संशोधन यांवर भर आला. पुढे तो इतका वाढला की २००५ मध्ये वॉरन बेनिस आणि जेम्स ओटूल यांना उलटी तक्रार करावी लागली: प्राध्यापक शोधनिबंधांत गुंतले आणि प्रत्यक्ष धंद्याशी त्यांचा संबंध तुटला. कशाला गुण द्यायचे हे ठरलं, की संस्था त्याच दिशेनं झुकतात. हे अमेरिकेत घडलं, आपल्याकडेही घडतं आहे.

आता फ्लेक्सवरचा दुसरा आकडा: ‘१०० टक्के प्लेसमेंट’. इथं थोडं थांबून गणित करू. समजा, एका कॉलेजात बीबीएच्या शेवटच्या वर्षाला ६० विद्यार्थी आहेत. आठ जणांचे विषय राहिले. वीस जण एमबीए किंवा एम.कॉम.ला गेले. दहा जण घरच्या शेतीत किंवा दुकानात लागले, दहा जण स्पर्धा परीक्षेच्या तयारीला लागले. उरले बारा, त्यांनी प्लेसमेंट सेलकडे नाव नोंदवलं आणि बाराही जणांना नोकरी लागली. एकाला वर्षाला ९ लाख, बाकी अकरा जणांना १ लाख ८० हजार. कॉलेज छापतं: १०० टक्के प्लेसमेंट, सर्वोच्च पॅकेज ९ लाख, सरासरी २ लाख ४० हजार. यात एकही आकडा खोटा नाही. पण ६० मधल्या बाराच जणांना कॉलेजमुळं नोकरी लागली, म्हणजे २० टक्के. आणि पगाराप्रमाणे मुलं ओळीनं उभी केली तर मधोमध उभ्या असलेल्या मुलाला १ लाख ८० हजारच मिळतात, म्हणजे महिन्याला १५,०००. पुण्यात खोली आणि मेस भागवून त्यातले किती उरतील याचा हिशेब ज्यानं त्यानं करावा.

मधोमधच्या या आकड्याला मध्यक म्हणतात. सरासरी एका मोठ्या पगारानं फुगते, मध्यक फुगत नाही. म्हणून कॉलेजला तीन गोष्टी विचाराव्यात: शेवटच्या वर्षाला एकूण विद्यार्थी किती होते, त्यांतल्या किती जणांना कॉलेजमार्फत नोकरी लागली, आणि मध्यक पगार किती. यापलीकडे चौथी गोष्ट म्हणजे ती नोकरी कसली. कर्जवसुलीचे फोन करणं, विमा पॉलिसीचं टार्गेट गाठणं, दुकानात उभं राहणं, ही कामं कमी दर्जाची नाहीत. पण ती करायला तीन वर्षांचं व्यवस्थापन लागत नाही, आणि वर्षभरात त्यांतली बरीच मुलं ते काम सोडतात. आयआयएम अहमदाबादनं पुढाकार घेऊन प्लेसमेंटचे आकडे कसे मांडायचे याची शिस्तशीर पद्धत घालून दिली आणि आपला अहवाल बाहेरच्या लेखापरीक्षकाकडून तपासून घ्यायला सुरुवात केली. जिल्ह्याच्या कॉलेजकडून लेखापरीक्षणाची अपेक्षा नाही. एकूण आकडा विचारल्यावर तो मोकळेपणानं सांगितला जातो का, एवढं पाहिलं तरी पुष्कळ.

मग खरी पारख कुठं होते? हळदीच्या बिटात खरेदीदार पोत्यावरचं नाव वाचून बोली लावत नाही. तो कांडी काढून मोडतो आणि आतला रंग बघतो. कॉलेजच्या बाबतीत ही कांडी म्हणजे विद्यार्थ्यांनी स्वतः केलेलं काम: उत्तरपत्रिका, प्रकल्प अहवाल, सादरीकरणं. आणि कॉलेजनं विचारलेले प्रश्न.

प्रश्नांपासून सुरुवात करू. अंतर्गत परीक्षेच्या मागच्या दोन वर्षांच्या प्रश्नपत्रिका कोणत्याही सीनियर विद्यार्थ्याकडे मिळतात. त्यांत ‘व्याख्या लिहा’, ‘महत्त्व स्पष्ट करा’, ‘फरक सांगा’ असंच असेल तर तिथं पाठांतर शिकवलं जातं. याउलट एखादा प्राध्यापक असा प्रश्न घालू शकतो: एका शेतकऱ्याकडे २० क्विंटल सोयाबीन आहे. आज भाव ४,२०० रुपये धरा. त्यानं आज विकावं, की बाजार समितीत तारण ठेवून चार महिने थांबावं?

हा प्रश्न साधा वाटतो, पण आत उतरलं की त्यात अर्धं बीबीए आहे. राज्य कृषी पणन मंडळाची शेतमाल तारण योजना १९९०-९१ पासून चालू आहे. सोयाबीनवर मालाच्या किमतीच्या ७५ टक्के कर्ज १८० दिवसांसाठी ६ टक्के व्याजानं मिळतं. २० क्विंटलचे आजच्या भावानं ८४,००० होतात. त्याचे ७५ टक्के म्हणजे ६३,००० रुपये हातात. चार महिन्यांचं व्याज १,२६०. क्विंटलला ६३ रुपये. वर्गातली बहुतेक मुलं इथं थांबतील आणि म्हणतील, भाव ६३ रुपयांनी वाढला की भागलं. इथं चांगला प्राध्यापक विचारतो: चार महिन्यांनी वजन तेवढंच राहील का? सोयाबीनमध्ये १२ टक्के ओलावा असेल आणि गोदामात तो १० टक्क्यांवर आला, तर २० क्विंटलचे साधारण १९ क्विंटल ५६ किलो उरतात. ४४ किलो माल उडून गेला, आजच्या भावानं १,८५० रुपयांच्या आसपास. म्हणजे वजनातली घट व्याजापेक्षा महाग पडली. दोन्ही धरले तर भाव ४,३६० च्या वर गेला तरच थांबणं परवडलं; वाढ ६३ ची नव्हे, १६० ची लागते. त्यात पोती, वाहतूक, हमाली धरायची आहे ती वेगळीच. आणि शेवटी असा प्रश्न उरतो की त्या घरात चार महिन्यांच्या आत लग्न किंवा दवाखाना आला तर ६३ हजारांत भागेल का. वित्त, लेखा, साठवणूक, जोखीम, ग्राहकाचं घर समजून घेणं, सगळं एका प्रश्नात आलं.

साखऱ्याची मुलगी हा प्रश्न पुण्यातल्या मुलीपेक्षा लवकर सोडवेल, कारण सोयाबीन वाळतं हे तिनं खळ्यावर पाहिलेलं आहे. तिला जे घरून येतं त्याला आकड्यांची भाषा देणं, हे तिच्या कॉलेजचं काम. ज्या कॉलेजात फक्त परदेशी कोला कंपन्यांची उदाहरणं चघळली जातात, तिथं तिच्याजवळचं ज्ञान वाया जातं आणि तिला वाटत राहतं की आपल्याला काहीच येत नाही.

प्रकल्प अहवालांचंही तसंच. शेवटच्या वर्षाला प्रत्येक विद्यार्थ्यानं अहवाल बांधून द्यायचा असतो. ग्रंथालयात किंवा विभागात गेल्या वर्षीचे पाच अहवाल मागून घ्यावेत आणि चाळावेत. पहिल्या वीस पानांत व्यवस्थापनाच्या व्याख्या, मग कंपनीच्या वेबसाइटवरून उचललेला इतिहास, मग वर्तुळाकार आलेख, ज्यांत पन्नास लोकांनी ‘समाधानी’ म्हटलं आहे. पाचही अहवालांत शेवटच्या सूचना सारख्याच. असं दिसलं तर झेरॉक्सच्या दुकानात तयार मिळणारा माल समोर आहे असं समजायला हरकत नाही. उलट एखाद्या अहवालात सेनगावच्या कृषी सेवा केंद्राची उधारी तीन महिने नोंदवलेली, कुठे थकली, का थकली याचा शोध घेतलेला दिसला, भाषा तोडकीमोडकी असली, तरी तिथं कुणीतरी त्या मुलाजवळ बसून शिकवलं आहे हे नक्की.

इंटर्नशिपचे तासही विचारावेत. नव्या शैक्षणिक धोरणानंतर ती पदवीत आली; यूजीसीच्या सूचनांमध्ये ६० ते १२० तासांची इंटर्नशिप धरली आहे. प्रत्यक्षात ओळखीच्या दुकानातून शिक्का मारून आणलेलं प्रमाणपत्र चालतं की कॉलेजचं कुणी तिथं जाऊन बघतं, यात जमीन-अस्मानाचा फरक आहे. आणंदच्या इर्मा या संस्थेत, जी १९७९ मध्ये वर्गीस कुरियन यांच्या पुढाकारानं उभी राहिली, विद्यार्थ्यांना शिक्षणाचा भाग म्हणून खेड्यात मुक्काम करावा लागतो. आपल्याकडच्या मुलांना खेडं दाखवायला न्यायला नको. त्यांना त्यांच्याच खेड्यातला बाजार, बचत गट, दूध संकलन केंद्र, उत्पादक कंपनी नव्यानं वाचायला लावलं तर पुरे. हिंगोली जिल्ह्यातली महाविद्यालयं नांदेडच्या स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठाला संलग्न आहेत. अभ्यासक्रम विद्यापीठाचा असला तरी इंटर्नशिप कुठे करायची, हे ठरवायला कॉलेजला भरपूर मोकळीक असते.

शिक्षकांचं काय? पुष्कळ ठिकाणी बीबीएचा विभाग विनाअनुदानित असतो आणि तासिका तत्त्वावर, म्हणजे सीएचबीवर, चालतो. यात दोष त्या शिक्षकाचा नाही. तासाप्रमाणे मानधन, तेही उशिरा मिळणारं, आणि वर्षाच्या शेवटी पुन्हा मुलाखत, अशा अवस्थेतही मन लावून शिकवणारे शिक्षक आहेत आणि त्यांच्याविषयी मला आदरच वाटतो. पण विद्यार्थिनीच्या बाजूनं पाहिलं तर पहिल्या सत्रात लेखाशास्त्र शिकवणारे सर तिसऱ्या सत्रात नसतात. नव्या सरांना तिच्या वर्गाचं काय कच्चं आहे हे माहीत नसतं. म्हणून विचारायचं ते असं: मागची तीन वर्षं सलग इथं शिकवणारे किती जण आहेत?

आणि विद्यार्थ्यांच्या शेऱ्यांवरही पूर्ण भिस्त ठेवू नये. स्कॉट कॅरेल आणि जेम्स वेस्ट या अर्थशास्त्रज्ञांनी २०१० मध्ये अमेरिकन हवाई दलाच्या अकादमीतला अभ्यास प्रसिद्ध केला. तिथं कोण कोणत्या प्राध्यापकाच्या वर्गात बसणार हे चिठ्ठी टाकल्यासारखं ठरतं आणि परीक्षा सगळ्यांची एकच असते, त्यामुळे तुलना स्वच्छ होते. कॅल्क्युलसच्या पहिल्या परीक्षेत कमी अनुभवी प्राध्यापकांची मुलं पुढं होती. पण त्यावर आधारलेल्या पुढच्या विषयांत अनुभवी प्राध्यापकांच्या मुलांनी त्यांना मागं टाकलं. विद्यार्थ्यांनी मात्र वरचे शेरे दिले होते ते पहिल्या परीक्षेत गुण मिळवून देणाऱ्यांना. ‘सर एकदम सोपं करून सांगतात, आयएमपी देतात’ ही तारीफ ऐकली की हा अभ्यास आठवावा.

प्रशिक्षणाचं मोजमाप कसं करावं याची चार पायऱ्यांची रीत डोनाल्ड कर्कपॅट्रिक यांनी १९५९ सालीच मांडली होती: शिकणाऱ्याला ते आवडलं का, तो शिकला का, शिकलेलं तो कामात वापरतो का, आणि त्यातून काही निष्पन्न झालं का. आपल्या कॉलेजांत फीडबॅक फॉर्मनं पहिली पायरी मोजली जाते, परीक्षेनं दुसरी, आणि गाडी तिथंच थांबते. शेतकरी उत्पादक कंपनीच्या योजनेत तिसरी आणि चौथी पायरी आपोआप मोजली जाते, कारण तीन वर्षांनी सरकारी पगार बंद होतो. तोवर व्यवस्थापकानं सभासदांचा माल एकत्र केला, व्यापाऱ्याशी करार केला, बियाणं-खताची खरेदी घाऊक केली, तर कंपनी त्याला पुढं ठेवते. नाहीतर कंपनी कागदावर उरते. बीबीएचं प्रशिक्षण कसं होतं याचा याहून खरा निकाल मला माहीत नाही. एखाद्या कॉलेजचे पाच वर्षांपूर्वीचे विद्यार्थी आज काय करतात, हे विचारण्यामागचा हेतू हाच.

‘मग सरळ पुण्याला किंवा छत्रपती संभाजीनगरला पाठवा,’ असं पुष्कळ जण सांगतील. मोठ्या शहरातल्या कॉलेजचे निकाल चांगले दिसतात, पण तिथं येणारी मुलंच आधीपासून पुढं असतात. कॉलेजनं त्यांत किती भर घातली, हे निकालात दिसत नाही. स्टेसी डेल आणि ॲलन क्रूगर यांनी २००२ मध्ये अमेरिकेत हेच तपासलं. नामवंत कॉलेजात प्रवेश मिळत असूनही जी मुलं साध्या कॉलेजात गेली, त्यांची पुढची कमाई नामवंतात गेलेल्यांच्या जवळपासच निघाली. मात्र कमी उत्पन्नाच्या घरातल्या मुलांच्या बाबतीत चांगल्या कॉलेजचा फायदा स्पष्ट दिसला; ज्यांच्या घरी ओळखीपाळखी नाहीत त्यांना त्या कॉलेजातून मिळतात, असं त्याचं कारण असू शकतं. साखऱ्याच्या घराला हा दुसरा भाग लागू पडतो. तेव्हा शहर वर्ज्य नाही. पण शहरातलं केवळ नाव नको, तिथं मराठी माध्यमातून आलेल्या मुलीला इंग्रजीत उभं करायला कुणी वेळ देतं का, तेही बघायला हवं. पहिल्या सत्रात मागच्या बाकावर बसलेली मुलगी सहाव्या सत्रात फळ्यासमोर उभी राहून बोलते का? हे त्या वर्गात एक दिवस बसल्याशिवाय कळत नाही, आणि बसू द्या म्हटल्यावर बसू देणारं कॉलेज मला अर्धी परीक्षा पास झालेलं वाटतं.

गावाजवळच्या कॉलेजांबद्दल एक गोष्ट स्पष्ट बोलायला हवी. प्रवेश इथं घ्यायचा, नाव हजेरीत ठेवायचं, राहायचं दुसरीकडे आणि परीक्षेलाच यायचं, ही पद्धत मराठवाड्यात बऱ्याच ठिकाणी रुळली आहे, आणि पालकांनाही ती सोयीची वाटते, कारण खर्च वाचतो. व्यवस्थापन हा विषय अशा रीतीनं शिकताच येत नाही. बोलणं, गटात काम करणं, नकार ऐकून घेणं, आकड्यावरून भांडणं, हे सगळं रोज येण्यानंच अंगवळणी पडतं. साध्या बुधवारी अकरा वाजता कॉलेजात जाऊन दुसऱ्या वर्षाच्या वर्गात किती डोकी आहेत ते मोजावं.

शेवटी पैशांचं. राज्य सरकारच्या जुलै २०२४ च्या निर्णयानुसार, वार्षिक उत्पन्न आठ लाखांपर्यंत असलेल्या घरातल्या आर्थिक दुर्बल, सामाजिक व शैक्षणिक मागास आणि इतर मागास प्रवर्गातल्या मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांचं शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क पूर्ण माफ आहे. अट अशी की प्रवेश शासनाच्या केंद्रीभूत प्रक्रियेतून, म्हणजे कॅपमधून, झालेला हवा; व्यवस्थापन कोट्यातल्या प्रवेशाला ही सवलत नाही. म्हणून सीईटीचा अर्ज चुकवू नये, आणि ज्या कॉलेजनं अभ्यासक्रमाचं नाव बदललं आहे तिथं पैसे भरण्याआधी कार्यालयात स्पष्ट विचारावं: हा अभ्यासक्रम व्यावसायिक म्हणून धरला जातो का, जागा कॅपची आहे का, आणि महाडीबीटी या सरकारी शिष्यवृत्ती पोर्टलवर तो दिसतो का. उत्तर तोंडी घेऊ नये. कॉलेजच्या शिक्क्यानिशी लेखी मागावं.